लडाखला निघण्याआधी हवेविषयी थोडं

(मे आणि जूनच्या सहलींना नाव नोंदवलेल्या मंडळींसाठी)

बुकिंग झालं की दुसऱ्या दिवसापासून आमच्या दादरच्या ऑफिसात फोन सुरू होतात. छत्री घेऊ का? स्वेटर एक पुरेल की दोन? फोनमध्ये लेहला १६ अंश दाखवतंय, म्हणजे डिसेंबरातल्या महाबळेश्वरसारखंच ना? छत्री नको. स्वेटर दोन घ्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं.

महाबळेश्वरशी तुलना करायचीच असेल तर त्याच्या पलीकडच्या बाजूशी करा. ज्यांचं गाव माण-खटावकडे आहे त्यांना हे सांगायला नको. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री अडवतो, महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडच्या वाट्याला पाचशेच्या आसपास येतो. लडाखची गोष्ट हीच, फक्त मधली भिंत सह्याद्रीच्या चौपट उंच. मोसमी वारे हिमालय चढता चढताच रिते होतात. लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर पाणी पडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर नोंदले गेले होते. म्हणजे लेहचा नऊ वर्षांचा पाऊस आपण एका दिवसात अंगावर घेतला होता.

तरीही तिकडे जे थोडंफार पडतं, त्यातलं बरंचसं हिवाळ्यात, पश्चिमेकडून येतं. भूमध्य समुद्राकडून निघालेले कमी दाबाचे पट्टे इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. बातम्यांत त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली की हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मे उजाडला की यांची वर्दळ कमी होते, पण थांबत नाही. लेहच्या मे महिन्याबद्दल एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे: चार-पाच दिवस लख्ख ऊन, मग एखादा विक्षोभ, दीड-दोन दिवस ढग, खिंडींवर बर्फ, पुन्हा लख्ख ऊन.

आता पंधरवड्यांचा हिशेब. मेच्या पहिल्या पंधरवड्यात झाडांना नुकती पालवी फुटलेली असते. पॉप्लर आणि विलोची ती झाडं सोडली तर सगळं मातकट. दुपारी लेहमध्ये १५-१६ अंश, पहाटे दोन-तीन, ढगाळ दिवशी त्याहून कमी. पँगाँग तलाव हिवाळ्यात पूर्ण गोठतो. काही वर्षी मेच्या सुरुवातीलाही त्याच्या काठाशी बर्फाचे तुकडे तरंगत असतात. निळंशार पाणी पाहायला गेलेल्यांची निराशा होते आणि ज्यांना ते तुकडे दिसतात ते त्यावर वर्षभर बोलतात. दुसऱ्या पंधरवड्यात हवा जरा माणसाळते. जूनमध्ये दुपारी २१-२२, पहाटे सातच्या आसपास, शेतं हिरवी, खिंडींवरचं बर्फ रस्त्याच्या कडेला सरकलेलं. आम्हाला विचाराल तर १ ते २० जून हा काळ सगळ्यात चांगला. पण शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून मुलंबाळं असलेली घरं मे मागतात. आम्ही देतो. फक्त १० मेच्या आधीची तारीख मागितलीत तर आधी बसवून चहा पाजतो आणि दोन गोष्टी ऐकवतो.

त्याला कारण आहे. एका वर्षी सुट्टीचा हंगाम पकडायच्या नादात आम्ही मेच्या अगदी पहिल्या आठवड्यात गट काढला. तिसऱ्या दिवशी विक्षोभ आला, नुब्रा खोऱ्यातून परतताना खार्दुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) बंद झाला आणि चौदा माणसं तिथल्या दिस्कीट गावात दोन रात्री जास्त राहिली. परतीची विमानाची तिकिटं वाया गेली. चूक हवेची नव्हती, आमची होती. सहा दिवसांच्या सहलीत आम्ही एकही दिवस मोकळा ठेवला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक मे सहलीत एक कोरा दिवस असतो. कार्यक्रमपत्रिकेत त्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही म्हणून ‘या दिवसाचे कसले पैसे?’ असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. त्याच दिवसाचे.

घड्याळ का पाहायचं

आपल्याकडे हवामान तारखेनुसार बदलतं. ७ जूनला मृग लागतो, ११ जूनच्या सुमारास मुंबईत पाऊस येतो (२०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन धडकला, ती गोष्ट वेगळी). लडाखमध्ये एकाच दिवसात तीन ऋतू होतात आणि ते घड्याळ लावल्यासारखे येतात.

हवा कोरडी आणि विरळ, त्यामुळे ऊब धरून ठेवायला तिच्याकडे काही नसतं. मुंबईत रात्री पंखा लावून झोपावं लागतं, कारण दिवसाची उष्णता हवेतल्या बाष्पाने अडवून धरलेली असते. तिकडे सूर्य डोंगराआड गेला की उष्णता सरळ आकाशात निघून जाते. अर्ध्या तासात टी-शर्टवरून जाकिटावर यावं लागतं. उन्हात उभे असाल तर भाजतं, त्याच भिंतीच्या सावलीत पाऊल टाकलंत तर शहारा येतो. फोनवरचे १६ अंश हे सावलीतले, लेह गावातले आणि वारा नसतानाचे असतात. तिन्ही अटी एकत्र क्वचितच जुळतात.

सकाळी वारा नसतो. दहा-अकरानंतर डोंगरउतार तापतात, वरची हवा हलकी होऊन चढू लागते आणि तिची जागा घ्यायला दरीतून वारा सुटतो. दुपारी दोन ते पाच तो अक्षरशः टोपी उडवतो. नुब्रातल्या हुंडरच्या वाळूच्या टेकड्यांवर त्या वेळी उंटावर बसणं म्हणजे चेहऱ्यावर सँडपेपर फिरवून घेणं. खिंडींवर ढगही दुपारीच जमतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाले. सकाळी रस्त्यावरून घोट्याएवढं वाहणारं पाणी वरचं बर्फ वितळू लागलं की दुपारी गुडघ्यापर्यंत येतं. पँगाँगच्या वाटेवर एका नाल्याचं नावच ‘पागल नाला’ आहे. नाव ठेवणाऱ्याने तो दुपारी पाहिला असणार.

म्हणून आमच्या गाड्या पहाटे साडेपाच-सहाला सुटतात. जूनमध्ये तिकडे पाचच्या सुमारास उजाडतं, अंधारात कोणालाही उठवत नाही. ‘सुट्टीवर आलोय, नऊला निघू या’ हा आग्रह कृपया चालकाकडे धरू नका. ते बहुतेक तिथलेच आहेत, तुमचं मन मोडवत नाही म्हणून कधी कधी ‘हो’ म्हणतात आणि मग सगळी गाडी नाल्याकाठी दोन तास पाणी उतरायची वाट पाहते.

लेहची बहुतेक विमानंही सकाळचीच असतात, तेही याच कारणाने. विमानतळ सुमारे ३,२५० मीटरवर, चहूबाजूंनी डोंगर, दुपारी वारा. शिवाय तापलेली विरळ हवा पंखांना पुरेसा उचल देत नाही. जुलै २०२४ च्या शेवटी लेहमध्ये पारा इतका चढला की काही उड्डाणं रद्द करावी लागली. उन्हामुळे विमान रद्द, तेही लडाखमध्ये! मे-जूनमध्ये ही वेळ सहसा येत नाही, पण वाऱ्यामुळे किंवा ढगांमुळे विमान दिल्लीला परत फिरू शकतं. दिल्लीहून मुंबईचं पुढचं विमान त्याच दुपारचं घेऊ नका.

उंचीचा हिशेब

हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात. लेह ३,५०० मीटर, खार्दुंग ला ५,३५९ मीटर. (तिथल्या पाटीवर १८,३८० फूट वाचून आलेल्यांनी मनाला लावून घेऊ नये, मोजल्यावर ती खिंड १७,५८२ फूट भरली. फोटो तेवढाच छान येतो.) म्हणजे लेहला १६ असताना वर चारच्या आसपास, आणि वारा धरला तर शून्याखाली असल्यासारखं लागतं. पँगाँग सव्वाचार हजार मीटर, त्सो मोरिरी साडेचार हजार. या दोन तलावांकाठच्या रात्री सहलीतल्या सगळ्यात थंड रात्री. नुब्रा लेहपेक्षा खाली, त्यामुळे उबदार. म्हणून आधी नुब्रा, मग पँगाँग, हा क्रम आम्ही बदलत नाही.

थंडीपेक्षा हवेचा दाब जास्त त्रास देतो. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाइतका, खार्दुंग लावर जेमतेम अर्ध्याहून थोडा जास्त. तुम्ही सोबत नेलेली बाकरवडीची पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगलेली दिसतील, त्यावरून ओळखा. पाणी ८८ अंशांनाच उकळतं, म्हणून वरण नीट शिजत नाही आणि चहा कितीही कढवला तरी आपल्याला हवा तसा गरम लागत नाही. हॉटेलवाल्याला त्यावरून बोलू नका.

शरीराला या हवेची सवय व्हायला वेळ लागतो. विमानाने थेट गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्ये राहायचं, पहिल्या दिवशी तर खोलीतच. शांती स्तूपाच्या पायऱ्या, बाजारात फेरी, मुलांची पळापळ, काही नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही विरळ हवेची लक्षणं आहेत, ‘प्रवासाने होतं’ म्हणून लपवू नका. बसल्या जागी धाप, खोकला, तोल जाणं किंवा बोलणं अडखळणं दिसलं तर ताबडतोब खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. अशा वेळी सहल संपली असं समजा, त्याबद्दल आम्ही वाद घालत नाही आणि तुम्हीही घालू नका. हृदयविकार, दमा, रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर महिलांनी नाव नोंदवण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळीही त्यांना विचारूनच, शेजारच्यांनी घेतली होती म्हणून नव्हे.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी

श्रीनगरकडून झोजी ला (सुमारे ३,५०० मीटर) आधी उघडतो, मनालीकडचा रस्ता सहसा मेमध्ये. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगचा अडथळा गेला, पण पुढचे बारालाचा ला आणि तांगलांग ला उघड्यावरच आहेत. मार्च-एप्रिलमध्ये उशिरा बर्फ पडलं तर मनालीचा रस्ता लांबतो. म्हणून मे महिन्यात आम्ही त्या बाजूने गट नेत नाही. जूनमध्ये नेतो, श्रीनगरहून चढून मनालीला उतरतो. या वाटेने उंची हळूहळू वाढते.

ऑगस्टचं बुकिंग स्वस्त पडतं, हे खरं. पण झाडझुडूप नसलेल्या उतारांवर थोडा जोराचा पाऊसही दरड घेऊन येतो. ५ आणि ६ ऑगस्ट २०१० च्या मधल्या रात्री लेहजवळ ढगफुटीने दोनशेहून अधिक माणसं गेली. मे-जूनमध्ये तो धोका बराच कमी.

एक विनंती, पाण्याबद्दल. बार्लीची पेरणी मेमध्ये आटोपावी लागते आणि वरच्या हिमनद्या नीट वितळायला लागतात जूनमध्ये. या मधल्या कोरड्या दिवसांसाठीच चेवांग नॉर्फेल यांनी गावांच्या वर कृत्रिम हिमनद्या साठवायला सुरुवात केली, पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभे केले. आपण नेमके त्याच दिवसांत पोचतो. गरम पाण्याची एक बादली मिळेल, दुसरी मागू नका. एवढ्या कोरड्या हवेत घाम अंगावर टिकतही नाही. एक दिवस अंघोळ चुकली तर कोणाला कळणार नाही.

पिशवीत काय? थर्मल, दोन स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे. एकच जाडजूड कोट नको, कारण दिवसातून चार वेळा कपडे चढवायचे-उतरवायचे असतात. काळा गॉगल लहान मुलांनाही हवा, विरळ हवेत उन्हाचा दाह जास्त असतो आणि बर्फावरून तो दुप्पट डोळ्यांत येतो. सनस्क्रीन, ओठांना व्हॅसलिन, आणि नाकाच्या आत बोटभर तूप किंवा व्हॅसलिन, नाहीतर दुसऱ्या सकाळी शिंकरताना रक्त दिसून घाबराल. मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या नाकाला त्या हवेची सवय नसते, एवढंच.

‘यंदा कसं असेल?’ हा प्रश्न मार्चमध्ये विचारू नका. कोणत्या दिवशी कोणत्या खिंडीवर बर्फ पडेल याचा भरवसा ठेवण्याजोगा अंदाज तीन-चार दिवस आधीच मिळतो. हवामान खात्याचं केंद्र लेहमध्येच आहे, त्यांचा अंदाज आणि आमच्या चालकांचा सकाळचा निरोप दोन्ही पाहून निघण्याच्या चार दिवस आधी आम्ही गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतो. त्यात कार्यक्रम उलटसुलट झालेला असू शकतो, जागा सहसा त्याच राहतात. त्याआधी इंटरनेटवर ‘लेह हवामान’ पाहून रात्री अकराला फोन करू नये. ऑफिस सकाळी दहाला उघडतं, सोमवारी बंद.