दत्तकवारी आणि दहा दिवस

तुमच्या प्रांतातले न्यायाधीश दहा दिवस माफ करतात का? २००० ते २०११ या काळात रशियन बालगृहातून मूल आणायला निघालेली अमेरिकी जोडपी हा प्रश्न एकमेकांना हमखास विचारत. हॉटेल किती रात्रींचे घ्यायचे, परतीचे तिकीट कोणत्या तारखेचे काढायचे, कामावरून रजा किती मागायची, घरी थोरले मूल असेल तर ते कुणाकडे ठेवायचे, हे सगळे त्या उत्तरावर ठरे. मात्र दत्तकाच्या निकालानंतर थांबायचे हे दहा दिवस नेमके कशासाठी आहेत, हे त्यांतल्या निम्म्या लोकांना कधी नीट कळले नाही.

या वारीचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत रशियातून दत्तक आलेल्या मुलांची संख्या १९९२ मध्ये ३२४ होती. २००४ मध्ये ती ५,८०० च्या पुढे गेली आणि तोच उच्चांक ठरला. सुरुवातीच्या वर्षांत दत्तकाचा आदेश स्थानिक प्रशासनच काढी. मुलाची व्हिडिओ कॅसेट आणि वैद्यकीय गोषवारा अमेरिकेत येई, तिथले डॉक्टर ती पाहून मत देत, पालक होकार कळवत आणि एकाच फेरीत मूल घेऊन परतत. कित्येकदा दोघांपैकी एकच जण जाई.

१ मार्च १९९६ पासून नवी कौटुंबिक संहिता लागू झाली आणि त्याच वर्षी निर्णय न्यायालयाकडे गेला. मार्च २००० ची सरकारी नियमावली आणि एप्रिल २००१ चा माहितीपेढीचा कायदा यांनी कॅसेटचा जमाना संपवला. मुलाची नोंद आधी राष्ट्रीय माहितीपेढीत करायची, ठरावीक काळ देशातच कुटुंब शोधायचे आणि कुणी मिळाले नाही तरच परदेशी अर्जदाराला नाव दाखवायचे, अशी रीत ठरली. हा काळ आधी तीन महिन्यांचा होता, २००४ अखेरच्या दुरुस्तीने तो सहा महिने झाला. मुलाची माहिती घ्यायला अर्जदाराने स्वतः प्रांताच्या शिक्षण खात्यात हजर राहायचे. दोन फेऱ्या आल्या त्या इथून: पहिली मूल पाहून होकार द्यायला, दुसरी सुनावणीला.

'अनाथ' हा शब्द इथे दिशाभूल करतो. या मुलांपैकी बहुतेकांचे आई किंवा वडील हयात असत. कुणाच्या आईने प्रसूतिगृहातच लेखी नकार दिलेला असे, कुणाच्या आईवडिलांचे पालकत्वाचे हक्क न्यायालयाने काढून घेतलेले असत. आपल्याकडच्या कायद्यात अनाथ, परित्यक्त आणि समर्पित अशा तीन वेगळ्या वर्गवाऱ्या आहेत. रशियन व्यवहारात या सगळ्यांना मिळून 'पालकांच्या देखभालीवाचून राहिलेली मुले' म्हणतात. संस्थाही एक नव्हे. तीन-चार वर्षांपर्यंतची मुले 'दोम रेब्योंका'त, म्हणजे आरोग्य खात्याच्या शिशुगृहात असत. त्यावरची 'देत्स्की दोम'मध्ये, म्हणजे शिक्षण खात्याच्या बालगृहात. शिशुगृहात डॉक्टर मुख्य असे, तिथली फाइल वैद्यकीय नोंदींनी जाड झालेली असे. देत्स्की दोममध्ये त्या नोंदी अनेकदा त्रोटक होत आणि मुलाची भावंडे कुठल्या संस्थेत आहेत हे मुद्दाम विचारावे लागे.

वारीची खरी सुरुवात घरच्या टेबलावर होई. गृहभेटीचा अहवाल, पोलिसांचा दाखला, उत्पन्नाचा आणि घराचा पुरावा, विवाहाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, अमेरिकी इमिग्रेशनची पूर्वमंजुरी. प्रत्येक कागद नोटरीपुढे करायचा, त्यावर नोटरी ज्या राज्यातला त्या राज्याचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणूनचे सरकारी प्रमाणपत्र, घ्यायचे, मग रशियन भाषांतर आणि त्यावर पुन्हा नोटरी. न्यूयॉर्कसारख्या राज्यात अपोस्टिलच्या आधी काउंटी क्लार्कचाही शिक्का लागे. फाइल बिघडे ती क्षुल्लक कारणांनी. अपोस्टिल मूळ कागदाला पिनांनी जोडलेले असते. झेरॉक्स नीट यावी म्हणून कुणी पिन काढली की तो कागद बाद. पासपोर्टवर मधले नाव पूर्ण आणि विवाहाच्या दाखल्यावर फक्त आद्याक्षर असेल तर ती एकच व्यक्ती असल्याचे वेगळे प्रतिज्ञापत्र. त्यातच प्रत्येक कागदाचे आयुष्य वेगळे: रशियन नियमाप्रमाणे साधी कागदपत्रे एक वर्ष चालत, वैद्यकीय प्रमाणपत्र फक्त तीन महिने, आणि अमेरिकी बाजूला बोटांचे ठसे १५ महिने. पहिली फेरी आणि सुनावणी यांत चार महिने गेले की वैद्यकीय तपासणी पुन्हा.

ती तपासणी 'आठ डॉक्टर' या नावाने ओळखली जाई. फिजिशियन, क्षयरोग, संसर्गजन्य रोग, त्वचा व गुप्तरोग, मेंदूविकार, कर्करोग, मनोविकार आणि व्यसनविकार या आठ तज्ज्ञांच्या सह्या एका ठरावीक रशियन फॉर्मवर हव्यात. पुढे अनेक प्रांत ती मॉस्कोच्याच दवाखान्यात करून मागू लागले. सोबत छातीचा एक्स-रे आणि रक्ताचे अहवाल असले तर काम एका दिवसात उरके.

पहिल्या फेरीत वेळ कमी आणि निर्णय मोठा. शिक्षण खात्यात मुलाची माहिती वाचून दाखवली जाई, भेटीचे पत्र मिळे, आणि मग दुभाष्यासह संस्थेत. बुटांवर प्लास्टिकची आवरणे चढवायची, भेट बहुधा संगीतवर्गाच्या खोलीत. सकाळी जेवणाआधी एक आणि दुपारच्या झोपेनंतर एक. फ्लूच्या दिवसांत संस्था 'करंतीन', म्हणजे विलगीकरण, जाहीर करी आणि भेटी बंद पडत, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीची फेरी धोक्याची. फाइलीत 'पेरिनेटल एन्सेफॅलोपथी' (जन्माच्या सुमारास मेंदूला झालेला त्रास) हे निदान इतक्या सर्रास असे की त्यावरून घाबरायचे कारण नव्हते. पण म्हणून सगळीच निदाने कागदी समजणे हीसुद्धा चूक होती. जाणकार पालक मापनाची टेप सोबत नेत. जन्मापासूनची वजन, उंची आणि डोक्याच्या घेराची मापे तारखांसह उतरवून घ्यायची, डोक्याचा घेर स्वतः मोजायचा, चेहऱ्याचे समोरून जवळून फोटो काढायचे, मूल हसत नसताना. गर्भावस्थेतल्या मद्याचे ठसे वरच्या ओठाच्या जाडीवर, नाकाखालच्या खाचेवर आणि डोळ्यांच्या लांबीवर दिसतात. हसऱ्या फोटोत ती खाच सपाट दिसते आणि घरी फोटो पाहून मत देणारा डॉक्टर चुकतो. संस्थेतल्या दर तीन महिन्यांमागे मुलाची उंची सुमारे एक महिन्याने मागे पडते, हा या डॉक्टरांचा ढोबळ हिशेब. उंची मागे पडली तर एक वेळ चालते, डोक्याचा घेर मागे पडत चालला असेल तर पुढचे प्रश्न विचारायचे.

होकार नोटरीपुढे लिहून द्यायचा, परतायचे, तारखेची वाट पाहायची. उन्हाळ्यात न्यायाधीश रजेवर, मेचे पहिले दहा दिवस आणि जानेवारीचे पहिले दहा दिवस सुट्ट्यांचे.

सुनावणी प्रांताच्या न्यायालयात, बंद दाराआड. न्यायाधीश, सरकारी वकील, पालकत्व विभागाचा प्रतिनिधी, दुभाषी आणि दोघेही अर्जदार. दोघांची हजेरी सक्तीची. रशियातूनच मूल का, याच मुलात काय पाहिले, मूल आजारी पडले तर घरी कोण राहील, विमा काय भरतो, असे प्रश्न. निकाल बहुधा त्याच दिवशी लागे. आणि इथून ते दहा दिवस सुरू होत.

पालकांच्या बोलण्यात त्याला 'थांबण्याचा काळ' म्हणत आणि त्याभोवती दंतकथा जमल्या. या दिवसांत जन्मदाती आई येऊन मूल परत मागू शकते, ही त्यातली सर्वांत चिवट. वस्तुतः ती साधी अपिलाची मुदत होती, कुठल्याही दिवाणी निकालाला असते तशी. अपील करू शकत ते खटल्यातले पक्ष आणि सरकारी वकील. जिचे हक्क आधीच वेगळ्या निकालाने गेले आहेत ती आई या खटल्यात पक्षच नसे. मुदत संपली की निकाल अमलात येई आणि पालक कायद्याने पालक होत. त्याआधी मूल संस्थेचेच.

मोजणीतही गोम होती. मुदत निकालाच्या दिवशी सुरू होत नाही, दुसऱ्या दिवसापासून धरतात. तीही सविस्तर, सकारण निकालपत्र तयार झाल्यापासून, ज्याला न्यायाधीश पाच दिवसांपर्यंत घेऊ शकतो. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस. त्यामुळे 'दहा दिवस' म्हणून निघालेल्या कुटुंबाचे चौदा-पंधरा सहज होत.

कायद्यात सूट होती. उशीर झाल्यास निकालाची अंमलबजावणीच अशक्य होईल अशी असामान्य परिस्थिती असेल तर निकाल तात्काळ लागू करता येई. सुरुवातीच्या वर्षांत काही प्रांतांचे न्यायाधीश ही सूट उदार हाताने देत. घरी दुसरे मूल आहे, रजा संपत आली आहे, बालगृहापेक्षा घर बरे, एवढे पुरे. शेजारच्या प्रांतात मात्र तीच कारणे फेटाळली जात. मग २० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दत्तकाच्या खटल्यांबद्दल मार्गदर्शक ठराव केला आणि उदाहरण कोणते दिले? मुलाला तातडीने रुग्णालयात हलवायचे आहे, शस्त्रक्रिया हवी आहे, उशिराने जिवाला धोका आहे. पालकांची रजा त्यात कुठेच नव्हती. सूट आकसत गेली.

न्यायालयाची भूमिका तर्काला धरून होती हे मान्य करावे लागते: अपिलाचा हक्क पर्यटकांच्या तिकिटाप्रमाणे वाकवता येत नाही. पण किंमत मोजली ती मुलांनी. दोन वर्षांचे मूल ज्यांच्याशी दोन आठवडे रुळले ते अचानक दहा दिवस दिसेनासे होत, कारण काही संस्था निकालानंतर भेटी चालू ठेवत, काही बंद करत आणि लेखी नियम कुणाकडेच नसे. दोघांपैकी एक जण घरी परते. मागे राहिलेल्याच्या नावे मुखत्यारपत्र सुनावणीच्या आधीच करून ठेवावे लागे, नाहीतर पुढचे कागद अडत.

ते पुढचे कागद असे: अमलात आल्याचा शिक्का असलेली निकालाची प्रत, नागरी नोंदणी कार्यालयातून दत्तकाचा दाखला आणि नवा जन्मदाखला, मग मुलाचा रशियन पासपोर्ट. संस्थेतून मूल घेताना त्याच्या अंगावरचे कपडे परत द्यायचे असत, म्हणून मोजे-बुटांसह सगळे सोबत न्यायचे. बूट एक नंबर मोठे घेतलेले बरे. मग मॉस्को, वकिलातीने ठरवलेल्या दवाखान्यात तपासणी आणि अमेरिकी व्हिसा. दोघांनीही निकालाआधी मूल पाहिलेले असेल तर २७ फेब्रुवारी २००१ पासून अमेरिकेत उतरताच त्याला नागरिकत्व मिळे. एकानेच पाहिले असेल तर तिथे पुन्हा दत्तकविधी. सूट मिळाली तर दुसरी फेरी सुमारे दहा दिवसांची, नाही तर तीन-चार आठवड्यांची.

दरम्यान वातावरण बदलत होते. २००६ च्या स्वयंसेवी संस्थांविषयीच्या नव्या कायद्याने सर्व परदेशी दत्तक संस्थांना नव्याने नोंदणी करावी लागली आणि २००७ च्या वसंतात अमेरिकी संस्थांची मान्यता सरसकट संपली. नवे परवाने जूनपासून मिळू लागले. पालकांनी पाठवायचे पाठपुरावा अहवाल (सहा महिने, मग एक, दोन आणि तीन वर्षे) वेळेवर आले नाहीत की त्या प्रांतात सगळ्याच अमेरिकी अर्जांचा वेग मंदावे. जुलै २००८ मध्ये व्हर्जिनियात बंद मोटारीत एक दत्तक बालक दगावले. एप्रिल २०१० मध्ये सात वर्षांच्या एका मुलाला चिठ्ठी देऊन एकट्याने मॉस्कोच्या विमानात बसवून परत पाठवले गेले. जुलै २०११ मध्ये दोन्ही देशांनी करार केला, तो १ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला.

नेमक्या याच वर्षी दहा दिवसांचे तीस झाले. १ जानेवारी २०१२ पासून दिवाणी अपिलाची मुदत सरसकट एक महिना झाली. दत्तकाचा विचार करून कुणी हे केले नव्हते. एक महिना हॉटेलात राहणे परवडेना, म्हणून फेऱ्या तीन झाल्या. सुनावणीला या, परत जा, महिन्याने मूल न्यायला या.

२८ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकी नागरिकांना मूल देण्यावर बंदी घालणारा कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारीला अमलात आला. अमेरिकेने दोन आठवड्यांपूर्वी रशियन अधिकाऱ्यांवर घातलेल्या निर्बंधांना ते उत्तर होते. चालू प्रकरणांचे काय, याची तरतूद कायद्यात नव्हती. डिसेंबरमध्ये निकाल लागलेली कुटुंबे त्या तीस दिवसांच्या मध्यात सापडली: निकाल बाजूने, पण अमलात न आलेला. जुनी मुदत असती तर त्यांतली बरीच मुले नववर्षाआधी घरी पोचली असती. अखेर २२ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्राने स्पष्ट केले की निकाल १ जानेवारीपूर्वीचा असेल तर, तो नंतर अमलात आला तरी, मूल द्यावे. ज्यांची फक्त पहिली फेरी झाली होती, मुलाने ज्यांना आई-बाबा म्हणायला सुरुवात केली होती, त्यांना दार बंद. अशा ४५ अमेरिकी अर्जदारांच्या बाजूने युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १७ जानेवारी २०१७ रोजी निकाल दिला, भेदभाव झाल्याचे मान्य केले आणि प्रत्येक जोडप्याला ३,००० युरो भरपाई ठरवली. मूल कुणालाच मिळाले नाही.

जुलै २०१३ च्या दुरुस्तीने दत्तकाच्या निकालांपुरती अपिलाची मुदत पुन्हा दहा दिवसांवर आणली. त्याच दुरुस्तीने समलिंगी जोडप्यांना, आणि असा विवाह मान्य असलेल्या देशांतल्या एकट्या अर्जदारांना वगळले. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिंगबदलाला मान्यता देणाऱ्या देशांच्या नागरिकांनाही बंदी आली.

२००४ मध्ये आलेली मुले आता विशी ओलांडून गेली आहेत. परदेशी दत्तकाने रशियन नागरिकत्व जात नाही, त्यामुळे तिकडे जाताना रशियन पासपोर्टचा आणि मुलग्यांच्या बाबतीत सैन्यभरतीचाही प्रश्न येतो. दत्तकाची गोपनीयता तिथे कायद्याने राखलेली असल्यामुळे नोंदणी कार्यालय दत्तक पालकांच्या संमतीशिवाय माहिती देत नाही. जन्माचे मूळ नाव, गाव आणि आईचे नाव बहुधा न्यायालयाच्या निकालपत्रात असते. मागे राहून दहा दिवस काढलेल्या पालकाने शिक्क्यासह आणलेली ती प्रत म्हणून जपून ठेवायची.