स्लाईड घेण्याआधी बॉनी रेट ऐका

आमच्या गिटारच्या दुकानात काउंटरवर स्लाईड (बोटात घालून तारांवरून सरकवायची नळी) मागायला येणाऱ्यांना आम्ही हमखास विचारतो, बॉनी रेट ऐकलंय का? बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. हे पत्रक त्यांच्यासाठी. पहिल्या भागात या अमेरिकन गायिका-गिटारवादक बाईंची ओळख आहे आणि दुसऱ्यात तुमच्या गिटारचं काय करायचं ते.

रेट यांचा जन्म १९४९ चा, कॅलिफोर्नियातल्या बरबँकचा. वडील जॉन रेट ब्रॉडवेच्या संगीतनाटकांतले नावाजलेले गायक-नट. आठव्या वर्षी नाताळची भेट म्हणून स्टेलाची साधी गिटार हातात आली. १९६७ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजात शिकायला गेल्यावर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातल्या कलाकारांचं काम पाहणारे डिक वॉटरमन भेटले. त्यांच्यामुळे सन हाऊस, मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल, सिपी वॉलेस अशा बुजुर्गांचा सहवास मिळाला आणि शिक्षण मागे पडलं. मॅकडॉवेल तर स्लाईडमधले उस्तादच. रेट यांच्या वाजवण्यात त्यांची छाप आजही ओळखू येते.

पहिला अल्बम १९७१ चा. मिनेसोटातल्या एका समर कॅम्पच्या जागेत चार ट्रॅकच्या मशीनवर तो ध्वनिमुद्रित झाला. पुढची बारा वर्षं जाणकारांनी वाहवा केली, पण खप बेताचाच राहिला. १९८३ मध्ये त्यांचे अल्बम काढणाऱ्या वॉर्नर कंपनीने करार संपवला. त्यात दारूचं व्यसन होतंच. १९८७ च्या सुमारास ते सुटलं. १९८९ मध्ये निर्माते डॉन वॉज यांच्याबरोबर केलेला ‘निक ऑफ टाइम’ हा त्यांचा दहावा अल्बम आणि नवी कंपनी कॅपिटॉल. फेब्रुवारी १९९० मध्ये चार ग्रॅमी मिळाले, त्यातला एक ब्लूज गायक जॉन ली हूकर यांच्याबरोबरच्या युगलगीताला. मग कुठे हा अल्बम बिलबोर्डच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्या अल्बमनंतर एकोणीस वर्षांनी!

रेट स्वतः फार गाणी लिहीत नाहीत. दुसऱ्याचं गाणं निवडून ते आपलं करणं ही त्यांची खरी ताकद, असं आमचं मत. पण लिहिलं की असं लिहितात: २०२३ च्या ग्रॅमीत ‘जस्ट लाइक दॅट’ला ‘साँग ऑफ द इयर’ मिळालं, तेव्हा नामांकनांच्या यादीत अडेल, बियॉन्से, टेलर स्विफ्ट होत्या. मुलाचं हृदय ज्याला बसवलं, त्याला भेटलेल्या आईची ती गोष्ट. तेव्हा रेट यांचं वय ७३.

आता तुमच्या गिटारचं बघू. रेट काचेची स्लाईड मधल्या बोटात घालतात. क्लासमध्ये सहसा करंगळी किंवा अनामिका सांगतात, पण ज्या बोटावर ताबा बसेल ते बोट तुमचं. म्हणून स्लाईड बोटात घालून बघूनच घ्या. ती सैल नको आणि रुतायलाही नको. सूर नेमका लागण्यासाठी स्लाईड फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर धरायची, दोन पट्ट्यांच्या मधे नाही, आणि मागची बोटं तारांवर हलकी टेकवायची, म्हणजे खरखर दबते.

रेट ओपन ए ट्यूनिंग वापरतात, म्हणजे तारा न दाबता छेडल्या तरी ए कॉर्ड वाजतो: जाड तारेकडून ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. यात मधल्या तीन तारा एकेक स्वर वर चढवाव्या लागतात. स्वस्तातल्या अकूस्टिकवर एवढा ताण देऊ नका. तारा उतरवून ओपन जी लावा (डी, जी, डी, जी, बी, डी) आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सूर तोच येतो.

नऊच्या सेटवर (सर्वांत पातळ तार ०.००९ इंचाची) स्लाईड फ्रेटला आपटते. अकराचा किंवा बाराचा सेट घ्या. अ‍ॅक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, आम्ही थोडी उचलून देऊ, पण मग तीच गिटार एरवी कॉर्ड धरायला जड जाते. तेव्हा कपाटावर धूळ खात पडलेली जुनी गिटार असेल तर तीच दुकानात आणा. मान सरळ असली की बाकीचं होऊन जातं.