लेटरबॉक्सिंग

लेटरबॉक्सिंग : रानात लपवलेली डबी लेखी खुणांवरून शोधून काढण्याचा भटकंतीचा खेळ. डबीत एक रबरी शिक्का आणि एक वही असते. शोधणाऱ्याने तो शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, स्वतःचा शिक्का डबीतल्या वहीत उमटवायचा आणि डबी होती तशी, होती तिथेच ठेवून द्यायची. घरी न्यायचे ते फक्त ठसे. खेळाचे मूळ स्थान नैर्ऋत्य इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर हे माळरान असून आजही त्याचे खरे घर तेच आहे.

याची सुरुवात एका बाटलीपासून झाली. चॅगफर्ड गावचे वाटाडे जेम्स पेरट यांनी १८५४ मध्ये उत्तर डार्टमूरवरील क्रॅनमिअर पूल या अतिशय आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. इथवर चालत येणाऱ्या पाहुण्यांनी आपले नाव छापलेले कार्ड तीत टाकावे, एवढाच हेतू. नावात ‘पूल’ म्हणजे तळे असले तरी तिथे तळे उरलेले नाही. ओलसर काळ्या मातीचा खळगा तेवढा आहे. तरीही लोक जात राहिले. पुढे बाटलीची जागा पत्र्याच्या पेटीने घेतली, १९०५ मध्ये सह्यांची वही आली आणि १९३७ मध्ये दगडी पेटी बांधली गेली. दरम्यान एक गोड रीत पडली होती : आपलाच पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड तिथे ठेवायचे आणि आधीच्या माणसाचे उचलून पुढे टपालात टाकायचे. ‘लेटरबॉक्स’ हे नाव त्यावरूनच पडले. १९३८ मध्ये दक्षिण भागातील डक्स पूल येथे, डार्टमूरविषयी आयुष्यभर लिहिणारे विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ अशीच पेटी बसवण्यात आली. १९७० नंतर डब्यांची संख्या झपाट्याने वाढली. शंभर डब्या शोधणाऱ्यांना ‘हंड्रेड क्लब’मध्ये प्रवेश मिळतो. मुलांना या शंभराचे आकर्षण मोठे असते आणि एका सुट्टीत तो आकडा गाठायचा हट्टही होतो. तो पुरवू नये. दिवसाला दोन-तीन डब्या नीट शोधल्या, तर प्रत्येकीची जागा लक्षात राहते.

अमेरिकेत हा खेळ १९९८ मधील एका मासिकातील लेखानंतर पसरला. २००० मध्ये उपग्रहांचे अचूक संकेत सर्वांना खुले झाले आणि त्याचा धाकटा भाऊ, जिओकॅशिंग, जन्माला आला. तिथे यंत्र जागेपर्यंत नेते. लेटरबॉक्सिंगमध्ये जागा वाचावी लागते, आणि मुलांसाठी सगळी मौज त्या वाचण्यातच आहे.

डार्टमूर त्यासाठी फार सोयीचे आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणून १९५१ पासून संरक्षित असलेल्या सुमारे ९५४ चौ.किमी. प्रदेशात झाडी विरळ, नजर दूरवर जाते आणि टेकड्यांच्या माथ्यांवर ग्रॅनाइटचे उघडे खडक रचल्यासारखे उभे असतात. त्यांना ‘टॉर’ म्हणतात. प्रत्येक टॉरला नाव आहे आणि त्याची बाह्याकृती ओळखू येते. खुणा अशा खडकांच्या आधारेच दिल्या जातात. उदाहरणार्थ : ‘चर्चचा मनोरा ६५ अंश, टॉरचे टोक १९० अंश, चौकोनी दगडाखाली’. याचा अर्थ, डबीपाशी उभे राहून होकायंत्राने पाहिले तर मनोरा ६५ अंशांवर आणि टॉर १९० अंशांवर दिसतो. आता ती जागा उलट्या बाजूने गाठायची.

दोन मुलांना दोन होकायंत्रे द्यावीत. एकाने मनोऱ्याची दिशा सांभाळायची, दुसऱ्याने टॉरची. आधी पहिली दिशा जुळेल तिथे उभे राहायचे. मग मनोऱ्याच्या रेषेतच पुढे-मागे चालायचे. पहिला आकडा बदलत नाही, दुसरा हळूहळू सरकतो आणि एका जागी १९० वर येतो. दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात, हे भूमितीच्या वहीत नुसते मान्य केलेले वाक्य इथे पायाखाली खरे होते. अर्थात होकायंत्र वाचताना एका अंशाची चूक झाली, तर एक किलोमीटर दूरच्या खुणेसाठी जागा सुमारे १७ मीटरने हुकते. म्हणून शेवटचा शोध डोळ्यांचाच. खुणेत पावले मोजायला सांगितली असतील, तर ती मोठ्या माणसाची पावले असतात. आठ वर्षांच्या मुलाने त्यांचा हिशेब स्वतः बसवावा. मोठ्यांना डबी आधी दिसली तर गप्प राहावे. हे जमणे अवघड आहे, पण तेवढे एक जमले की दिवस मुलांचा होतो.

शिक्का घरी बनवलेला असावा. साधे मोठे खोडरबर पुरते. भेंडीचे, बटाट्याचे ठसे उमटवलेल्या मराठी मुलांना कल्पना नवी नाही; नवे आहे ते उलटे कोरणे. मऊ पेन्सिलीने कागदावर चित्र काढावे, कागद खोडरबरावर पालथा ठेवून मागून घासावा. चित्र आपोआप उलटे उतरते आणि ठसा सुलटा येतो. रोमन ए, एम, टी ही अक्षरे दोन्हीकडून सारखीच, देवनागरीत मात्र ही सोय जवळपास नाही. त्यामुळे नावाचे आद्याक्षर हवे असेल तर ही युक्ती लागतेच. कोरण्याचे पाते मोठ्यांच्या हाती असावे. बरेच जण खऱ्या नावाऐवजी टोपणनाव घेतात : कासव, घुबड, काहीही. वही, स्टॅम्प पॅड, पेन्सिल आणि शिक्का पुसायला चिंधी एवढे सामान प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे, कारण डार्टमूरवर पाऊस कधीही येतो.

काही नियम कडक आहेत. डबी प्राचीन अवशेषांत, भिंतीत किंवा इमारतीत ठेवायची नाही. या माळावर कांस्ययुगातील शिळांच्या रांगा आणि घरांची वर्तुळे आहेत, त्यांचा दगडही हलवायचा नाही. सिमेंट वापरायचे नाही, गवत उपटायचे नाही. क्रॅनमिअर पूल ज्या उत्तर भागात आहे, तिथे सैन्याचा गोळीबाराचा सराव चालतो. वेळापत्रक आधी पाहावे, लाल निशाण दिसले तर आत जाऊ नये आणि धातूची कुठलीही वस्तू उचलू नये, हे मुलांना निघण्यापूर्वीच बजावावे. दगडाखाली हात घालण्याआधी काठीने चाचपावे. ब्रिटनमधला एकमेव विषारी साप, अ‍ॅडर, इथे आढळतो. गोचिडी असतात म्हणून पाय झाकलेले असावेत आणि परतल्यावर अंग तपासावे. धुके उतरले तर शोध तिथेच थांबवून माघारी फिरावे.

पोस्टकार्डाची जुनी रीत आता सर्रास पाळली जात नाही, पण क्रॅनमिअरपर्यंत चालू शकणाऱ्या मोठ्या मुलांनी ती जरूर करून पाहावी. कार्डावर आजी-आजोबांचा पत्ता लिहावा, आपला शिक्का उमटवावा, कार्ड पेटीत ठेवावे. ते कोण उचलेल आणि कोणत्या गावच्या पेटीत टाकेल, हे आधी कळत नाही. पत्ता पुण्याचा किंवा मडगावचा असेल, तर परदेशी टपालाचे तिकीट आधीच लावून ठेवावे.