शीतवाघीण

दूध, मांस, मासळी, फळे असा नाशवंत माल गार राखून नेणारा रेल्वेचा डबा. भिंती, तळ व छत दुपदरी असून मधल्या पोकळीत उष्णतारोधक (पूर्वी लाकडाचा भुसा वा केसांचा नमदा, आता फोम) भरतात. तापलेला माल गार करणे हे वाघिणीचे मुख्य काम नव्हे. माल आधीच गार करून भरावा लागतो.

उगमाबाबत एकमत नाही. १८५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑग्डेन्सबर्गहून बॉस्टनला बर्फाच्या डब्यातून लोणी गेले, तोच आरंभ असे काही मानतात. मात्र तो बर्फ घातलेला लाकडी डबाच होता. दोन्ही टोकांच्या बर्फकोठ्यांतून हवा खेळवण्याची रचना डेट्रॉइटच्या जे. बी. सदरलंड यांच्या १८६७ च्या पेटंटात आढळते. आरंभाचा मान तिला देणे अधिक सयुक्तिक. पुढील वर्षीच्या विल्यम डेव्हिस यांच्या डब्यात मांस छताला टांगत. वळणावर ते एका अंगाला झोके घेई व गाडी रुळावरून घसरे. १८७८ च्या सुमारास अभियंता अँड्र्यू चेस यांनी शिकागोचे मांस-व्यापारी स्विफ्ट यांच्यासाठी बर्फ वर व मांस तळाशी ठेवले. गार हवा जड असल्याने आपोआप खाली उतरते.

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. मीठ मिसळल्यास तापमान −२१° से.पर्यंत उतरू शकते. वितळलेले पाणी वाकड्या नळीतून जाई. न्हाणीच्या मोरीप्रमाणे वाकणात पाणी साचून बाहेरची हवा अडे. हेच खारे पाणी रूळ व पूल गंजवी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्फाची जागा यंत्राने घेतली. सर्वच मालाला कडक थंडी मानवत नाही. सुमारे १३° से.खाली केळ्याची साल काळी पडते.

गार माल नेण्यातील अडचणी कोल्हापूरच्या उदाहरणावरून दिसतात. कोल्हापूर–मिरज मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळांचा) मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. मुंबईला जाणारा माल पुण्यात उतरवून ब्रॉडगेज (अधिक रुंद रुळांच्या) गाडीत चढवावा लागे, आणि थंडी निसटते ती नेमकी अशा चढउतारात. १९७० च्या सुमारास रुंदीकरणाने ही अडचण संपली. कोल्हापूर कोकणाशी रुळाने जोडलेले नसल्याने मासळी व हापूस घाटरस्त्यानेच येतात. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा दूध संघाचे (‘गोकुळ’) दूधही टँकरने मुंबईला जाते. तत्त्व मात्र वाघिणीचेच: ४° से.च्या आसपास गार केलेले दूध, दुपदरी टाकी आणि वाटेत न उघडणारे झाकण.