फेल्टचं पुस्तक शिवताय? आधी बाइंडिंगची बाजू ठरवा

लहान मुलांसाठी फेल्टचं ॲक्टिव्हिटी पुस्तक घरी शिवणाऱ्या आया, आज्या, मावश्या आणि अंगणवाडीताई सोलापुरातल्या आमच्या दुकानातून फेल्ट, दोरे, वेल्क्रो, टिचबटणं नेतात आणि पानं तयार झाली की बाइंडिंगला आणून देतात. पानं बहुतेक वेळा सुरेखच असतात. युनिफॉर्म आणि चादरींच्या या गावात शिवणकाम कुणाला नवीन नाही. त्यामुळे काजटाका कसा घालायचा किंवा चेन कशी बसवायची, हे इथे लिहीत नाही. अडतं ते एकाच ठिकाणी, आणि दर आठवड्याला अडतं: बाइंडिंगसाठी सोडलेली पट्टी चुकीच्या बाजूला आलेली असते.

कुठलंही पुस्तक उघडून समोर धरा. उजव्या हाताच्या पानाचं बाइंडिंग डावीकडे असतं, डाव्या हाताच्या पानाचं उजवीकडे. म्हणजे पान १, ३, ५ ला पट्टी डावीकडे सोडायची आणि २, ४, ६ ला उजवीकडे. वाचायला सोपं आहे. पण शिवताना प्रत्येक पान सुटं हातात असतं, आणि मग सवयीने सगळ्याच पानांना डावीकडे पट्टी सोडली जाते. फेल्टच्या पुस्तकात पान १ आणि पान २ पाठीला पाठ लावून शिवायची असतात, त्याला आम्ही जोडी म्हणतो. अशी जोडी लावली की पान २ ची मोकळी पट्टी बाहेरच्या कडेला येते आणि त्याचं चित्र थेट शिलाईखाली जातं. मुलाने कष्टाने चेन लावायला शिकायचं, तर अर्धी चेन बाइंडिंगमध्ये गडप.

“मग ते पान फिरवून घ्या ना,” असं ग्राहक म्हणतात. फिरवलं की पट्टी बरोबर बाजूला येते, पण चित्र डोक्यावर उभं राहतं. रांगोळी किंवा सूर्यफुलाचं पान असेल तर खुशाल फिरवा, काही बिघडत नाही. घर, एसटी, गड्ड्याच्या जत्रेतला आकाशपाळणा यांना वर-खाली असतं. अक्षरांच्या पानाचंही तेच, मग अक्षरं मराठी असोत, तेलुगू असोत की कन्नड.

“थोडं चित्र शिलाईत गेलं तर जाऊ दे, तसंच शिवा,” हाही आग्रह होतो. त्याला आम्ही नाही म्हणतो आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं. बाइंडिंगच्या जागी चार-पाच जोड्या एकावर एक येतात, वरून कापडाचा गोट. एवढी जाडी घरच्या मशीनला झेपत नाही, म्हणून आम्ही ती जाड कापडाच्या मशीनवर शिवतो. त्या मशीनच्या सुईखाली चेनचा दाता, बटण किंवा टिचबटण आलं की सुई मोडते. मोडलेल्या सुईचं टोक फेल्टच्या तंतूंत शिरलं की डोळ्यांना दिसत नाही. कपड्यांच्या कारखान्यातही सुई मोडली की सगळे तुकडे जुळेपर्यंत तो कपडा पुढे जाऊ देत नाहीत. इथे तर पुस्तक अशा मुलाच्या हातात जाणार, जे पान आधी तोंडात घालतं आणि मग बघतं. त्यामुळे शिलाईच्या रेषेत काहीही कडक असेल तर आम्ही ती जोडी शिवत नाही, ग्राहक कितीही जुना असला तरी.

मग उरतं उसवणं. फेल्ट विणलेलं नसतं, नुसते तंतू एकमेकांत दाबून बसवलेले असतात. हाताचा टाका हलकेच काढला तर भोक बऱ्यापैकी बुजतं. मशीनची टीप काढली की भोकांची रांग राहते आणि दोऱ्यासोबत लव उपटून येते. चित्र गोंदाने चिकटवलेलं असेल तर खाली कडक, चकाकता डाग उरतो, तो जात नाही. पान वाचवायचं तर एकेक टाका उचलून कापावा लागतो आणि तुकडे सरकवून पुन्हा बसवावे लागतात. यात नवीन पान शिवण्याहून जास्त वेळ जातो. उसवण्याचे पैसे आम्ही दर पानामागे वेगळे घेतो ते म्हणूनच. हे पैसे तुमचे वाचावेत अशी मनापासून इच्छा आहे, म्हणून हे पत्रक.

उपाय सोपा आहे. कात्री हातात घेण्याआधी वहीच्या कागदाचं छोटं पुस्तक करा, पानांवर आकडे घाला आणि कुठल्या पानावर काय येणार ते लिहा. मग प्रत्येक फेल्टच्या पाठीवर शिंप्याच्या खडूने पानाचा आकडा लिहा. पट्टीची रेघ मात्र खडूने नको, हाताळता हाताळता पुसली जाते. तिथे पांढऱ्या दोऱ्याने कच्ची टीप घाला आणि बाइंडिंग होईपर्यंत ती काढू नका. पट्टी पूर्ण एक इंच हवी. शिवाय रेषेपासून अर्धा इंच आत काही जाड नको, नाहीतर पान पूर्ण उघडत नाही आणि मुलाचा हात आत पोचत नाही. दार किंवा खिडकी उघडणारी असेल तर ती उघडल्यावर कुठे जाते, हे कागदावरच पाहून घ्या.

आमच्या किटमधली पानं ९ बाय ८ इंच कापलेली असतात, कच्ची टीप घातलेली आणि आकडे टाकलेली. म्हणजे तुम्हाला ८ बाय ८ चा चौकोन मोकळा मिळतो. स्वतः कापणार असाल तर ए-४ फेल्टशीटमधून एक पान बरोबर निघतं आणि उरलेल्या तुकड्यात चित्रातली झाडाची पानं-फुलं भागतात. पानांना दीड ते दोन मिलिमीटरचं फेल्ट घ्या, वरच्या तुकड्यांना एक मिलिमीटरचं पुरतं. एक मिलिमीटरचंच पान करायचं असेल तर दोन पानांच्या मध्ये बुकरम, म्हणजे कॉलरमध्ये घालतात ते कडक कापड, घाला.

वरचे तुकडे शिवायला सहापदरी भरतकामाच्या दोऱ्यातले दोन पदर घ्या. बटणाला मात्र सगळे सहा, आणि पाठीमागे कापडाचा छोटा तुकडा लावून, म्हणजे ओढल्यावर फेल्ट फाटत नाही. ग्लू गनचा मोह टाळा. त्या गोंदाचा थर सुईला जुमानत नाही. शिवाय सोलापूरचा मे महिना आपल्याला माहीत आहे. बंद गाडीत ठेवलेल्या पुस्तकावरचे तुकडे सुटून येतात.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी शिवत असाल तर मणी, मोती, लहान बटणं नकोतच. गिळता येण्याजोगी वस्तू ओळखण्यासाठी खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे सुमारे सव्वा इंचाची नळी वापरतात; तीत जी वस्तू पूर्ण मावते ती धोक्याची. ज्वारीच्या कणसाचं पान आमच्याकडे बरेच जण करतात आणि दाण्यांना मोती मागतात. मोत्यांऐवजी जाड सुती दोऱ्याने गाठीचे टाके भरा. दाणा हाताला लागतो, दिसतोही खरा, आणि निघून येत नाही. लोहचुंबक तर कुठल्याच वयाच्या पुस्तकात घालू नका. दोन चुंबक गिळले तर ते पोटात आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना ओढतात आणि ऑपरेशनची वेळ येते. बुटाची लेस किंवा नाडी वीतभरापेक्षा लांब नको.

धुण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. बाजारात मिळणारं बहुतेक फेल्ट ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टरचं असतं. थंड पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने धुवा. पिळू नका, सावलीत आडवं वाळवा. गरम इस्त्री थेट लावली की ते वितळतं. लोकरीचं फेल्ट गरम पाण्यात आकसतं. लाल आणि गडद निळ्या रंगाचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून पाहा.

एका पुस्तकात पाच जोड्या, म्हणजे दहा पानं, याहून जास्त घालू नका. त्याहून जाड पुस्तक लहान मुलाला उचलत नाही आणि गोटही नीट बसत नाही. जास्त पानं असतील तर दोन भाग करा, दुसरा भाग पुढच्या वाढदिवसाला होतो.

बाइंडिंगला देताना जोडीच्या तीन बाजू शिवलेल्या असोत, पट्टीची बाजू उघडी राहू द्या. तीन बाजू शिवायच्या आधी एकदा दुकानात दाखवलंत तर आणखी चांगलं. कागदाचं पुस्तक घेऊन आलात तरी काउंटरवर पाच मिनिटांत तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही, आणि फेल्ट आमच्याकडूनच घेतलेलं असावं अशीही अट नाही. दिवाळीच्या आधी आणि संक्रांतीला गड्डा भरतो त्या दिवसांत काम जास्त असतं, तेव्हा पुस्तक हवं त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी पानं आणून द्या.