थेट मैफलीच्या एलपी डिजिटल करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे एलपीवरून डिजिटल फाइल करून घेण्यासाठी डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची ‘मेड इन जपान’ ही थेट मैफलीची जोडरेकॉर्ड (दोन तबकड्यांचा संच) वारंवार येते, आणि पुन्हा करून द्यावे लागणारे कामही बहुतेक वेळा तिचेच असते. अर्जातील सूचनांच्या रकान्यात ‘सगळी खरखर काढावी’ असे लिहिलेले असते. फाइल ऐकल्यावर मात्र टाळ्या पाण्याखालून येत असल्यासारख्या वाटतात आणि झांजांची धार गेली, अशी तक्रार येते. ही तक्रार खरी असते, पण तिचे मूळ त्या सूचनेतच असते.

हे ध्वनिमुद्रण 15 आणि 16 ऑगस्ट 1972 रोजी ओसाका येथे व 17 ऑगस्टला टोकियोच्या बुदोकान सभागृहात झाले. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च यांनी ते आठ ट्रॅकच्या टेपवर घेतले. त्यामुळे श्रोत्यांचा गलका, गाण्यांच्या मधले गायक इयान गिलन यांचे बोलणे आणि शांत जागी ऐकू येणारी टेपची बारीक सूं-सूं हे सारे मूळ मुद्रणाचेच भाग आहेत. ते आपल्या रेकॉर्डचे दोष नव्हेत.

खरखर काढणारे सॉफ्टवेअर दोन गोष्टी शोधते. क्षणभर उसळणारा तीक्ष्ण आवाज त्याला ओरखडा वाटतो आणि अखंड वाहणारा सपाट आवाज त्याला झिजलेल्या खाचांची खरखर वाटते. एकट्या माणसाची टाळी पहिल्या प्रकारात मोडते आणि भरलेल्या सभागृहाच्या टाळ्या दुसऱ्या प्रकारात, म्हणून स्टुडिओत मुद्रित केलेल्या रेकॉर्डवर निमूटपणे काम करणारी हीच प्रणाली थेट मैफलीत श्रोत्यांनाच पुसून टाकते. ‘द म्यूल’ या गाण्यातील इयान पेस यांच्या प्रदीर्घ ड्रमवादनात तर काठीचा प्रत्येक आघात तिला ओरखडा वाटू शकतो, आणि ‘चाइल्ड इन टाइम’च्या आरंभी जॉन लॉर्ड यांचा ऑर्गन हळुवार वाजत असताना टेपची सूं-सूं काढायला गेल्यास ऑर्गनच्या स्वरामागचा सभागृहाचा घुमारही तिच्याबरोबर जातो.

म्हणून अशा रेकॉर्डवर आम्ही स्वयंचलित सफाई करत नाही. आधी रेकॉर्ड यंत्रावर धुऊन घेतो, कारण पुष्कळशी खरखर खाचांत बसलेल्या धुळीची असते आणि ती धुण्यानेच जाते. उरलेले ओरखडे कानाने ऐकून एकेक काढतो. मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डवर आडवा ओरखडा असेल, तर त्याचा टक्क असा आवाज दर 1.8 सेकंदांनी येतो. टाळी किंवा ड्रमचा आघात अशा हिशेबाने येत नाही, आणि त्यावरून दोहोंतला फरक कळतो. या कामाला वेळ लागतो. ‘इतके दिवस का?’ असे अनेकजण विचारतात. त्याचे उत्तर हेच आहे. धुण्याचा खर्च आमच्या दरातच धरलेला असतो आणि थेट मैफलीच्या रेकॉर्डला आम्ही वेगळा आकार लावत नाही.

दुसरी अडचण गाणी सुटी करण्याची आहे. दोन गाण्यांच्या मध्ये शांतता असेल तरच संगणकाला आपोआप तुकडे पाडता येतात, आणि येथे मध्ये टाळ्या असतात. आम्ही हे तुकडे हाताने, टाळ्यांचा ओघ न तोडता पाडतो आणि शिवाय प्रत्येक बाजूची अखंड फाइलही देतो. ‘स्पेस ट्रकिन’ने चौथी बाजू पूर्ण व्यापली आहे, सुमारे 20 मिनिटे, तिचे तुकडे करू नयेत, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे.

अर्जात कृपया ‘थेट मैफल, टाळ्या ठेवाव्यात’ एवढेच लिहावे. रेकॉर्ड घरी साबणाने किंवा स्पिरिटने पुसून आणू नये. धूळ असली तरी तशीच आणावी. मनात शंका असल्यास आपल्याच रेकॉर्डच्या एखाद्या बाजूचा छोटा नमुना आम्ही आधी ऐकवतो आणि आपली पसंती मिळाल्यावरच पुढील काम हाती घेतो.