७ जूनचे दोन सामने: लेब्रॉन जेम्सच्या मनाविषयीच्या चर्चेची पार्श्वभूमी

७ जून २०११ रोजी डॅलसमध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या, अंतिम मालिकेतला चौथा सामना झाला आणि त्यात मायामी हीटच्या लेब्रॉन जेम्सने ११ पैकी ३ फेकी साधून एकूण ८ गुण केले. चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याच्या नावावर एकही गुण नव्हता. बरोबर वर्षभराने, ७ जून २०१२ रोजी, बोस्टनच्या कोर्टवर त्याच खेळाडूने २६ पैकी १९ फेकी साधत ४५ गुण केले, १५ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर मिळवलेले चेंडू) घेतले आणि मालिकेत २-३ असा मागे पडलेला आपला संघ वाचवला. मोठा खेळाडू प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, कधी खुलतो आणि कधी कच खातो, यावर दरवर्षी एप्रिल ते जून जी चर्चा रंगते, तिच्यात या दोन सामन्यांचा दाखला हटकून दिला जातो, आणि त्यावरून निघणारा निष्कर्ष बहुतेक वेळा एकाच वाक्यात आटोपतो: पहिल्या वर्षी त्याचे मन कच्चे होते, दुसऱ्या वर्षी ते पक्के झाले. हा निष्कर्ष चुकीचा नाही, पण अर्धा आहे. मधल्या बारा महिन्यांत आणि त्याआधीच्या आठ वर्षांत काय घडले ते पाहिले, तर मनाची गोष्ट आणि खेळातल्या कसबाची गोष्ट एकमेकींपासून सोडवता येत नाहीत.

आधी प्लेऑफचे स्वरूप लक्षात घ्यायला हवे. साखळी हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, एका रात्री एका शहरात हरला तर दोन दिवसांनी दुसऱ्या शहरात दुसऱ्याच संघासमोर उभा राहतो आणि कालची चूक कालच संपते. प्लेऑफमध्ये मात्र त्याच प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांपर्यंत गाठ पडते. खेळाडूला उजवीकडून घुसायला आवडते की डावीकडून, लांबून फेकताना तो अडखळतो का, दमल्यावर काय टाळतो, हे समोरचा प्रशिक्षक पहिल्या दोन सामन्यांत हेरतो आणि उरलेल्या सामन्यांत त्याच जागी बोट ठेवतो. शिवाय दोन सामन्यांच्या मधल्या दिवशी पत्रकार खेळाडूला समोर बसवून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. नोव्हेंबरमध्ये झाकून जाणारी उणीव जूनमध्ये उघडी पडते ती यामुळे, आणि ती उघडी पडली आहे हे खेळाडूलाही ठाऊक असते.

दडपणाखाली कसलेला माणूस का चुकतो, याचे एक उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर यांनी १९८४ मध्ये मांडले. सरावाने अंगवळणी पडलेली कृती आपसूक होत असते. दडपण आले की माणूस त्याच कृतीकडे डोळ्यांत तेल घालून पाहू लागतो आणि तिथेच ती बिघडते. बास्केटबॉलमध्ये याचे सर्वांत करुण उदाहरण म्हणून निक अँडरसनचे नाव घेतले जाते. १९९५ च्या अंतिम मालिकेतल्या पहिल्याच सामन्यात ऑर्लँडो मॅजिक तीन गुणांनी पुढे असताना, शेवटच्या काही सेकंदांत त्याला चार फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) मिळाले आणि चारही हुकले. ऑर्लँडो तो सामना हरला, पुढे मालिकाही ०-४ अशी हरला, आणि एरवी दहापैकी सात फ्री थ्रो साधणारा अँडरसन दोन हंगामांनी दहापैकी चारच साधू लागला. समोर कोणी अडवायला नाही, घाई नाही, पंधरा फुटांवरून चेंडू टाकायचा आहे. अशा वेळी जे बिघडते ते मनातच बिघडते, असे म्हणायला जागा आहे.

परंतु याच खेळाच्या इतिहासात जेरी वेस्टही आहे. लॉस एंजेलिस लेकर्सकडून तो नऊ अंतिम मालिका खेळला आणि त्यांतल्या आठ हरला. १९६९ च्या मालिकेतल्या सातव्या सामन्यात त्याने ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण करता येईल असे दिलेले पास) अशी कामगिरी केली आणि तरीही त्याचा संघ बोस्टनपुढे दोन गुणांनी पडला. त्या वर्षी अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पराभूत संघातल्या वेस्टची निवड झाली. असे पुन्हा कधी घडलेले नाही. हरलेल्याचे मन कच्चे असते असे मानणाऱ्यांनी वेस्टचे काय करायचे ते ठरवावे.

जेम्सची गोष्ट या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसते. तो ओहायोतल्या अॅक्रनचा. फेब्रुवारी २००२ मध्ये, शाळेत शिकत असतानाच, ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर तो झळकला आणि या खेळाचा नियोजित वारसदार म्हणून त्याची ओळख करून दिली गेली. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढच्या वर्षी घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या क्लीव्हलंड कॅव्हलियर्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. ३१ मे २००७ रोजी डेट्रॉइटविरुद्ध दोन जादा सत्रांपर्यंत लांबलेल्या सामन्यात संघाचे शेवटचे २५ गुण त्याने एकट्याने केले, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि त्याच्या मनोबलाविषयी कोणाला शंका नव्हती. लगेच पुढच्या मालिकेत सॅन अँटोनियोने क्लीव्हलंडला ४-० असे धुतले, आणि ते कसे धुतले हे पुढच्या कथेसाठी महत्त्वाचे आहे: त्यांनी त्याला बास्केटकडे घुसू दिले नाही आणि लांबून फेकण्याची मुभा दिली. त्या मालिकेत त्याच्या साधारण तीनपैकी एकच फेक साधली. २००९ आणि २०१० या दोन्ही वर्षी साखळी हंगामात क्लीव्हलंडची कामगिरी सर्व संघांत सरस होती, दोन्ही वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला, आणि दोन्ही वर्षी संघ अंतिम मालिकेआधीच बाद झाला. २०१० मध्ये बोस्टनविरुद्ध घरच्या मैदानावर १४ पैकी ३ फेकी साधून त्याने १५ गुण केले आणि संघ ३२ गुणांनी हरला, तेव्हा त्याने सामना सोडून दिला अशी कुजबूज पहिल्यांदा उघडपणे सुरू झाली.

८ जुलै २०१० रोजी दूरचित्रवाणीवरच्या खास कार्यक्रमात त्याने क्लीव्हलंड सोडून मायामीला जात असल्याचे जाहीर केले. क्लीव्हलंडमध्ये त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या गेल्या, संघमालकांनी संतापाचे जाहीर पत्र लिहिले, आणि दुसऱ्याच दिवशी मायामीतल्या जल्लोषात आपण किती विजेतेपदे जिंकणार याचे आकडे चढवत त्याने उरलेसुरले तटस्थ लोकही दुखावले. पुढचा हंगामभर दर शहरात त्याची हुर्यो उडवली गेली. ही खलनायकाची भूमिका त्याने पाहता पाहता अंगावर घेतली. ती त्याच्या स्वभावात बसणारी नव्हती, हे पुढे त्यानेच कबूल केले.

तरीही २०११ च्या प्लेऑफमध्ये तीन फेऱ्यांपर्यंत काहीही अडले नव्हते. बोस्टनविरुद्धच्या निर्णायक पाचव्या सामन्यात मायामीचे शेवटचे दहा गुण त्यानेच केले. शिकागोविरुद्धच्या पाचव्या सामन्यात तीन मिनिटांच्या आसपास उरली असताना बारा गुणांची पिछाडी सहकारी ड्वेन वेड आणि त्याने मिळून भरून काढली. जो खेळाडू मे महिन्यात असे सामने खेचून आणतो, त्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात अचानक काळीज नाही असे म्हणणे सयुक्तिक वाटत नाही. मग डॅलसमध्ये काय झाले?

चौथ्या सामन्याचे चित्रीकरण आजही पाहायला मिळते. ते पाहताना चेंडूवरची नजर काढून फक्त जेम्सवर ठेवावी. चेंडू हातात येतो, तो एकदा आत पाहतो, आत वाट दिसत नाही, तो चेंडू वेडकडे देतो आणि तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहतो. पुन्हा तेच. डॅलसचे प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी माणसामागे माणूस आणि झोन (प्रत्येकाने कोर्टचा ठरलेला भाग राखायचा) अशा दोन्ही प्रकारांची सरमिसळ करून बचाव उभा केला होता: समोर शॉन मॅरियन, त्याला चुकवले तर मदतीला दुसरा, आणि बास्केटखाली सात फूट उंचीचा टायसन चँडलर. आत घुसणे हे जेम्सचे हुकमी अस्त्र होते आणि तेच निकामी झाले. मधल्या पल्ल्यावरून उडी मारून फेकणे त्याला भरवशाने जमत नव्हते, आणि बास्केटकडे पाठ करून खेळणे, म्हणजे पोस्टमधला खेळ, त्याने कधी मन लावून शिकलेलाच नव्हता. अँडरसनसारखे त्याचे नेम चुकत नव्हते. तो नेम धरतच नव्हता. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला नऊ गुणांनी पुढे असलेला मायामी ८३-८६ असा हरला. सहा सामन्यांच्या त्या मालिकेत चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने मिळून १८ गुण केले, म्हणजे सामन्यामागे तीन. साखळी हंगामात २६.७ असलेली सरासरी या मालिकेत १७.८ वर आली. सहाव्या सामन्यानंतर पत्रकारांसमोर तो म्हणाला की, माझ्या अपयशाची वाट पाहणाऱ्यांना उद्या उठून आपले तेच जुने आयुष्य जगायचे आहे. ते बोलणे ऐकून वर्षभर आत काय साठले होते याचा अंदाज येतो.

समोर जिंकला कोण, हेही पाहण्यासारखे आहे. डॅलसच्या डर्क नोविट्झकीवर तोपर्यंत ‘मऊ’ असा शिक्का होता. २००६ च्या अंतिम मालिकेत २-० अशी आघाडी घेऊन डॅलस याच मायामीकडून हरला होता. २००७ मध्ये ६७ सामने जिंकलेला हा संघ पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेटकडून बाद झाला. शेवटच्या सामन्यात नोविट्झकीने १३ पैकी २ फेकी साधून नेमके ८ गुण केले होते. योगायोगाला फार अर्थ देऊ नये, पण चार वर्षांनी तोच माणूस अंगात ताप असताना चौथ्या क्वार्टरमध्ये १० गुण करतो आणि ८ गुणांचा शिक्का समोरच्यावर बसतो, हे नोंदवल्यावाचून राहवत नाही. नोविट्झकीकडे एक गोष्ट होती जी जेम्सकडे नव्हती: एका पायावर मागे झुकत टाकलेली, सात फुटी उंचीमुळे कोणालाही अडवता न येणारी फेक. जर्मनीतले त्याचे गुरू होल्गर गेश्विंडनर यांच्याबरोबर त्याने ती वर्षानुवर्षे घोटली होती. दडपण वाढले की कुठे जायचे, हे त्याचे ठरलेले होते.

त्या उन्हाळ्यात जेम्स काही दिवस कोणाला फारसा भेटला नाही. नंतर तो ह्यूस्टनला हकीम ओलाजुवानकडे गेला, ज्याने पोस्टमधल्या पदलालित्याच्या जोरावर १९९४ आणि १९९५ मध्ये ह्यूस्टनला विजेतेपदे मिळवून दिली होती. ज्याला जग सर्वोत्तम म्हणत होते त्याने बास्केटकडे पाठ करून पाय कसे टाकायचे हे पहिलीपासून गिरवायला घेतले, ही माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी घटना आहे. डिसेंबरमध्ये एका मुलाखतीत त्याने सांगितले की, मागच्या हंगामात आपण लोकांना खोटे पाडण्यासाठी खेळलो आणि त्या नादात खेळातला आनंद घालवून बसलो. खेळाडू आणि मालक यांच्यातल्या वादामुळे तो हंगाम ६६ सामन्यांचाच झाला.

२०१२ च्या प्लेऑफमध्ये नशिबाचाही हात होता. इंडियानाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात मायामीच्या ख्रिस बॉशच्या पोटाचा स्नायू दुखावला आणि उंच खेळाडूच उरले नाहीत म्हणून प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्रा यांना जेम्सला बास्केटच्या जवळ खेळवावे लागले. अडचणीतून केलेली ही सोय संघाला मानवली. १-२ अशा पिछाडीवर असताना चौथ्या सामन्यात त्याने ४० गुण, १८ रिबाउंड आणि ९ असिस्ट केले. त्यानंतर बोस्टनविरुद्धची मालिका आली, घरचा पाचवा सामना हातचा गेला, आणि आता हरला तर हा संघच मोडीत काढतील अशी भाषा सुरू झाली.

७ जूनच्या त्या सामन्याचे एक छायाचित्र पुढे सर्वत्र फिरले: मान किंचित खाली, डोळे भुवयांखालून समोर रोखलेले, चेहऱ्यावर राग नाही आणि हसूही नाही. पूर्वार्धातच त्याने १४ पैकी १२ फेकी साधून ३० गुण केले. लोकांना तो चेहरा आठवतो. चेंडू टाकताना तो कुठे उभा होता ते फारसे कोणाला आठवत नाही. तो बोस्टनच्या बचावाच्या पोटात होता, पाठ लावून, वळून, डोक्यावरून फेकत होता, आणि एका वर्षापूर्वी ज्या पल्ल्यावर त्याला उत्तर सुचत नव्हते तिथूनच एकामागून एक चेंडू जात होते. सामना संपवून आत जाताना एका प्रेक्षकाने त्याच्यावर बिअर फेकली. मायामीने सातवा सामना घरी जिंकला, ओक्लाहोमा सिटीला ४-१ असे हरवले आणि अंतिम मालिकेत त्याची सरासरी २८.६ गुणांची राहिली.

पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, सॅन अँटोनियोने पुन्हा जुनाच डाव टाकला: आत येऊ द्यायचे नाही, लांबून फेकू द्यायचे. सहाव्या सामन्यात मायामी हरण्याच्या बेतात होता, चषक देण्याच्या तयारीने कोर्टभोवती पिवळे दोर आणले गेले होते, आणि शेवटच्या मिनिटात जेम्सच्या हातून चेंडूही निसटले. त्याची तीन गुणांची एक फेक हुकली, बॉशने तो रिबाउंड घेतला आणि कोपऱ्यातून मायामीच्याच रे अॅलनने ५.२ सेकंद उरली असताना बरोबरी साधली. अॅलनची ती फेक हुकली असती, तर २०११ चीच भाषा पुन्हा ऐकू आली असती, आणि जेम्सच्या मनात त्या रात्री जे काही होते ते तेवढेच राहिले असते. सातव्या सामन्यात त्याने ३७ गुण केले. अर्धा मिनिटही उरला नव्हता, आघाडी दोनच गुणांची होती आणि समोर क्वाय लेनर्ड होता, तेव्हा तो आत घुसला नाही आणि त्याने चेंडू दुसऱ्याला दिलाही नाही. डॅलसने जिथून फेकायला त्याला मोकळे सोडले होते त्याच मधल्या पल्ल्यावर तो थांबला, उडी घेतली आणि चेंडू जाळीतून खाली पडला.